कोटिंग, पॅकिंग, पट्टा आणि वायरिंग

काळोखे मामांच्या हातातलं मशीन गेलं ते माझ्या एका शब्दामुळे. शब्द खरा होता, तरी गेलं. ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. लिहून लागेल असंही वाटत नाही. पण मामा कसे होते ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि आमच्या लॅबमध्ये लिहायची सवय असलेली मीच एक.

आधी माझं सांगते. माझे वडील लातूरकडून आले, चाकणच्या पट्ट्यात कंपनीत लागले, आणि आम्ही कुरुळीत खोली घेऊन राहिलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्राणिशास्त्रात बी.एस्सी., वर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. पदवीची फ्रेम टीव्हीच्या वर लावली आहे. पाहुणा आला की वडील टीव्ही बंद करतात, म्हणजे नजर वर जावी. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

नोकरी लागली भोसरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. रक्त-लघवी खालच्या मजल्यावर. वर आमच्याकडे येतात ते तुकडे. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, पित्ताशय, दुर्बिणीतून चिमट्यानं घेतलेला जठराचा कण. तो तुकडा मेणात बसवायचा. मेणाच्या त्या वडीला ब्लॉक म्हणतात. मग तो बर्फावर गार करून मायक्रोटोम नावाच्या मशीनवर त्याचे पापुद्रे, म्हणजे सेक्शन, काढायचे, इतके पातळ की कांद्याचं साल त्यापुढे गोणपाट वाटावं. पापुद्रा कोमट पाण्यावर सोडायचा, काचपट्टीवर उचलायचा, रंगवायचा, आणि डॉक्टरसाहेबांच्या मायक्रोस्कोपखाली द्यायचा. गाठ साधी की वाईट, हे तिथं ठरतं. पापुद्रा फाटला, सुरकुतला, जाड आला, की डॉक्टर कितीही हुशार असोत, दिसणार काय?

पहिल्या दिवशी वर गेले तेव्हा एप्रिलचं ऊन तापलेलं आणि खोलीतला पंखा बंद. मशीनच्या चाकापाशी पन्नाशी ओलांडलेला एक माणूस घामानं निथळत बसला होता. मी म्हटलं, "नमस्कार, मी नवीन टेक्निशियन, बी.एस्सी. झालेय." त्या माणसानं मान वर न करता एक बोट उचललं. मी श्वास रोखून उभी. ब्लेडपासून मेणाची पट्टी लांबत गेली, त्यांनी ती ब्रशच्या टोकावर झेलली, पाण्यावर अलगद पसरली, आणि मग म्हणाले, "हां, आता सोडा श्वास. आणखी एक शब्द बोलला असता तर एका बाईचं गर्भाशय उडून खिडकीबाहेर गेलं असतं."

पंखा का बंद, ते कळलं. पण हे गृहस्थ चेष्टा करतात की रागावतात, ते काही कळलं नाही. पुढं तीन वर्षं शेजारी बसूनही फार कळलं नाही.

मी विचारलं, "तुमचं शिक्षण कुठं झालं?"

"आमचं? आयटीआय. टर्नर."

मला वाटलं, चेष्टाच.

चेष्टा नव्हती. सोपान काळोखे मावळातले. भोसरीच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये हत्यारांना धार लावायचं काम करायचे. त्या काळी मायक्रोटोमला आतासारखी वापरून टाकायची पाती नव्हती. हातभर जड पोलादी सुरी असायची आणि तिला परत परत धार लागायची. डॉक्टरसाहेब स्वतः ती सुरी घेऊन शेडवर गेले. मामांनी तिच्या धारेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "डॉक्टर, हितं खाच हाय. तुमी हाड कापता का काय?" डॉक्टरांना ती खाच भिंगातूनही सापडली नव्हती. सुरी कापते तरी काय, ते बघायला मामा एका रविवारी लॅबमध्ये आले आणि राहिलेच. सुऱ्या गेल्या, पाती आली, मामा मशीनवरच.

पुस्तकात शरीराच्या ऊती चार प्रकारच्या. अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. ही नावं मी नववीत पाठ केली, बारावीत पाठ केली, बी.एस्सी.ला इंग्रजीत पाठ केली. मामांनी ती पाठ केलीच नव्हती. त्यांनी त्यांच्या शेडमधली नावं लावली होती. कातडी, आतड्याचं आतलं अस्तर, तोंडाची आतली बाजू, हे सगळं कोटिंग. "बाहेरचं न्हाईतर आतलं, पण जिथं घासतंय तिथं कोटिंग लागतंच." हाड, कूर्चा, चरबी, शिरेला बांधून ठेवणारे धागे, हे पॅकिंग. स्नायू म्हणजे पट्टा, कारण ओढतो आणि फिरवतो. मेंदू आणि नसा, वायरिंग.

हे ऐकून मी हसले. मग त्यांनी एक ब्लॉक मशीनला लावला, मला मशीनकडे पाठ करायला सांगितलं आणि चाक फिरवलं. "बोला, काय हाय?"

मला काय कळणार? सगळे आवाज सारखेच, खर्र खर्र.

"पट्टा. गर्भाशयाचा. कडक असतोय, धार कुरकुरते. आता हे?"

"चरबी?" मी ठोकून दिलं.

"चरबीला आवाजच न्हाई. ती नुसती घसरते. हे कोटिंग हाय, जठराचं. बघा काचेवर."

रंगवल्यावर बघितलं. जठरच होतं. मी नाही म्हटलं तरी हबकले. चार वर्षं मी जे चित्रांत बघितलं ते हा माणूस कानानं ओळखत होता. आता ह्याला अडाणी म्हणायचं की काय म्हणायचं? माझ्या पदवीचं मग काय करायचं?

रविवारी त्यांच्या घरी मटण होई आणि सोमवारी ते डब्यात येई. आमच्या खोलीतल्या रसायनांच्या वासानं बाकीचे डबा घेऊन खाली पळायचे. मामा बाहेरच्या जिन्यात बसून आरामात खायचे, मलाही एक तुकडा द्यायचे. एकदा एक तुकडा चमच्यावर धरून म्हणाले, "ताई, हे दातात अडकतंय ते काय? पॅकिंग. आणि हा पांढरा दोरा? वायरिंग न्हाई, पट्ट्याचं टोक हाय, हाडाला बांधलेलं. म्हंजे पुन्हा पॅकिंगच." त्या दिवसापासून मला सोमवारी भूक लागेनाशी झाली. त्यांनी ते मुद्दाम केलं का, कारण त्यानंतर माझ्या वाटचा तुकडा त्यांनाच मिळायचा, हेही मला माहीत नाही.

त्यांचं एक वाक्य मात्र दिवसातून पन्नास वेळा. "पाणी पुसलं का?"

पापुद्रे ज्या कोमट पाण्यावर सोडतो, त्याच्या पृष्ठभागावरून दर ब्लॉकनंतर एक कागद फिरवायचा असतो. आधीच्या तुकड्याचा कण तरंगत राहिला तर तो पुढच्या माणसाच्या काचेवर चढून बसतो. मामा म्हणायचे, "पाण्यात मागचा माणूस ऱ्हातो." मला ते उगीच कर्मकांड वाटायचं. कामाची गर्दी असली की मी एखाद्या वेळी सोडून द्यायचे. एक दिवस रंगवलेल्या काचा ट्रेमध्ये लावताना मामांनी एक काच खिडकीकडे धरली, तशीच धरून ठेवली, आणि मला बोलावलं.

"हे कुणाचं?"

मी नंबर बघितला. "थायरॉइडची गाठ. चिखलीच्या बाई."

"मग ह्यांच्या गळ्यात आतडं कुठनं आलं?"

मायक्रोस्कोपखाली ठेवलं. थायरॉइडच्या गुलाबी गोल गोल खोल्या, आणि कडेला, जणू तिथलाच असल्यासारखा, आतड्याचा एक तुकडा. आधीच्या ब्लॉकमधला. त्या आतड्यात कॅन्सर होता. डॉक्टरसाहेबांच्या लक्षात आलं असतंच, असं मी स्वतःला सांगते. आलं नसतं तर?

मामांनी ती काच बाजूला ठेवली, त्याच ब्लॉकचा नवा पापुद्रा काढला, आणि पाण्यावरून तीनदा कागद फिरवला. मला एक शब्द बोलले नाहीत. घरी जाताना फक्त म्हणाले, "उद्या लवकर या. बर्फ फोडायचाय." बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग लॅबनं दर्जाचा दाखला घ्यायचं ठरवलं. चाकणच्या कंपन्या आता कामगारांच्या तपासण्या दाखला असलेल्या लॅबलाच देतात. दाखल्यासाठी बाहेरून तपासनीस येणार, कागद बघणार, माणसांना प्रश्न विचारणार. आणि मशीनवर बसणाऱ्या माणसाकडे डिप्लोमा पाहिजे. मामांकडे टर्नरचं प्रमाणपत्र.

डॉक्टरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "सोपान, त्या दिवशी तू ब्लॉकच्या कपाटापाशी थांब. कागदावर तू मदतनीस. सगळे सेक्शन ही कापते, रजिस्टरवर सही हिची. एक दिवस निभवायचा, मग तू आहेसच मशीनवर. नाही निभलं तर मशीन सोडावं लागेल, मला इलाज राहणार नाही."

"व्हय," मामा म्हणाले.

माझ्याकडे बघून साहेब म्हणाले, "आणि ह्याच्याकडून चार ऊती पाठ करून घे. पुस्तकातल्या नावांनी. तिथं वायरिंग म्हणाला तर मेलो."

दोन आठवडे दुपारी जिन्यात बसून मी मामांची शिकवणी घेतली. नावं त्यांनी दोन दिवसांत पाठ केली. नंतर अडचण मला यायला लागली.

"रक्त कुठल्या खात्यात?" मामांनी विचारलं.

"संयोजी."

"म्हंजे पॅकिंगमधे? वाहणारं पॅकिंग?"

"ते सगळ्या शरीराला जोडतं ना."

"वायरिंगबी जोडतं की. मग त्याला का वेगळं काढलं?"

मी साहेबांना विचारून आले. म्हटलं, "संयोजी म्हणजे पेशी थोड्या आणि त्यांच्यामध्ये दुसरा माल जास्त. हाडात तो माल कडक, रक्तात पातळ. एवढाच फरक."

मामांनी विचार केला. पटल्यासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच, "ताई, चरबीत तर पेशीच पेशी. खेटून खेटून. मधे माल कुठंय? तिला का घातलं तिथं?"

तीन वेळा पाठ केलेल्या गोष्टीत एवढं भोक आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. रागच आला. म्हटलं, "मामा, पुस्तकात आहे तसं म्हणायचं. प्रश्न काढायचे नाहीत."

"बरं," ते म्हणाले. "परीक्षा तुमाला सवयीची. आमाला काय कळतंय." हा टोमणा होता का?

तपासनीस आले ते साठीचे, शांत आवाजाचे. सकाळभर कागद बघितले. दुपारी वर आले. मी मशीनवर बसलेली, मामा कपाटापाशी पाठमोरे, ब्लॉक नंबरवारी लावताहेत. तपासनीसांनी ट्रेमधून सहज एक काच उचलली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले. स्तनाच्या गाठीची काच होती ती. चरबी, धागे, नळ्यांचं अस्तर, एकाच पापुद्र्यात सगळं, कुठंही सुरकुती नाही. चरबीच्या शेजारी असं कापणं म्हणजे लोण्यातून रेघ ओढणं.

"फार दिवसांनी इतकं सुंदर सेक्शन बघितलं," ते म्हणाले. "कोणी कापलं?"

रजिस्टर उघडं होतं. त्यावर माझी सही होती, काच मात्र आदल्या दिवशी मामांनी कापलेली. साहेब माझ्याकडे बघत होते. कपाटापाशी, मागं न वळता, मामा म्हणाले, "ताईंनी."

मी म्हणाले, "मामांनी."

का म्हणाले? हजारदा विचार केलाय. खोटं बोलवेना, हे एक कारण. मामांचं कौतुक त्यांच्या पाठीमागून मी खिशात घालायचं, हे बरं वाटेना, हे दुसरं. पण तिसरंही आहे आणि तेही लिहिते. माझी पदवी माझ्या मेहनतीची आहे. दुसऱ्याच्या हाताचं कौतुक मला कशाला? हा माझा गर्वच होता की नाही? तिन्हीतलं कुठलं किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

तपासनीसांनी मामांना बोलावलं. शिक्षण विचारलं. मग म्हणाले, "ऊतींचे मुख्य प्रकार सांगा."

"अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता."

"रक्त?"

"संयोजी," मामा म्हणाले, आणि थोडं थांबून, "पण सायेब, मला ते पटल्यालं न्हाई."

तपासनीस मनापासून हसले. म्हणाले, "मलाही वेळ लागला होता." मामांशी हात मिळवला. आणि कागदावर लिहिलं की पात्रता नसलेल्या व्यक्तीनं सेक्शन कापू नयेत आणि जो कापेल त्यानंच सही करावी. ती अट पाळल्याचं लिहून दिल्यावर लॅबला दाखला मिळाला.

मशीन माझ्याकडे आलं. मामा कपाटाकडे गेले. साहेब मला रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "एक शब्द होता गं." मामा रोज यायचे, ब्लॉक लावायचे, बर्फ फोडायचे. बोलणं पहिल्यासारखंच, टोमणे पहिल्यासारखेच. फक्त मशीन सुरू असताना ते खोलीत थांबायचे नाहीत. काहीतरी काम काढून खाली जायचे.

एकदाच थांबले. तिशीतल्या एका माणसाच्या मेंदूतून सुईनं काढलेला कण आला होता, तांदळाच्या दाण्याच्या निम्मा. पुन्हा काढता येणार नव्हता. मी दोन पापुद्रे काढले, दोन्ही वाळल्या चिखलासारखे तडकले. ब्लॉकमध्ये आता उरलं होतं ते चार-सहा फेऱ्यांपुरतं. मी जिन्यापर्यंत धावत जाऊन हाक मारली. मामा वर आले, माझ्या मागं उभे राहिले, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"मामा, तुम्ही बसा ना. कोण बघतंय?"

"सही कुणाची व्हणार?"

मी रजिस्टरकडे बघितलं.

"मग तुमीच. ब्लॉक बर्फावर ठेवा. जरा जास्त वेळ. हां. आता तोंडाची वाफ द्या त्याच्यावर. एकदाच. फिरवा चाक. हळू न्हाई, एकसारखं. वायरिंगला घाबरलेला हात कळतोय."

मी फिरवलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"थांबा. आता उचला."

तीन पापुद्रे आले, अखंड. साहेबांनी त्यावरून निदान केलं. उपचारानं आटोक्यात येणारा आजार निघाला. "झकास कापलंस," साहेब म्हणाले. सही माझी होती, हातही माझेच होते. ह्या वेळी मी मामांचं नाव घेतलं नाही. तेव्हा घेतलं ते बरोबर, की आता नाही घेतलं ते?

पुढच्या महिन्यात मामांनी लॅब सोडली. कुरुळीत, आमच्याच गावात, एका कंपनीच्या टूलरूममध्ये लागले. पुन्हा धार लावायला. निरोपाला साहेबांनी शाल दिली, पेढे वाटले. मला काही विचारायचं होतं, पण पेढे वाटण्यात राहून गेलं.

ते मी त्यानंतर दोनेक महिन्यांनी विचारलं. माझी सुट्टी होती, भाजी घेऊन येत होते. दुपारच्या शिफ्टची माणसं कंपनीच्या गेटवर ओळीत उभी होती. त्यात मामा, करड्या गणवेशात, पायात जड बूट. तब्येत सुधारलेली वाटली. की गणवेश सैल होता, कुणास ठाऊक.

"काय ताई, सुट्टी?"

"हो. मामा, एक विचारायचं होतं. त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं का?"

ते 'न्हाई ओ ताई' म्हणतील असं मी मनात धरून होते. त्यावर काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

"व्हय," मामा लगेच म्हणाले. "गप बसायला पायजे व्हतं."

मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. भोंगा झाला, ओळ सरकायला लागली. मामांच्या पुढचा माणूस वळून बघत होता. "कोण ओ, काळोखे?"

"ह्याच त्या," मामा त्याला म्हणाले. "लॅबातल्या ताई. मोठ्या सायबापुढं माझं नाव सांगितल्याल्या."

त्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, डबा काखेत धरला आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मीही केला. तोवर दोघं गेटच्या आत गेले होते. मामा हातवारे करत त्याला पुढचं काहीतरी सांगत होते, आणि तो माणूस चालता चालता मान हलवत होता. पाठीमागून ती मान होकाराची की नकाराची, ते कळेना. वळणापर्यंत बघत उभी राहिले, तरी कळेना.